भाद्रपद-आश्विनातील पितृस्मरण आणि ऋतुसंक्रमण : बुलडाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

मृतांचे स्मरण आणि ऋतूचा पालट यांची सांगड अनेक कृषिप्रधान समाजांत आढळते. महाराष्ट्रात ही सांगड भाद्रपद वद्य पक्ष आणि आश्विन शुद्ध पक्ष या सलग दोन पंधरवड्यांत दिसते. पहिला पंधरवडा पितरांचा, तर दुसरा देवीचा आणि चांदण्याचा. सर्वपित्री अमावास्येच्या दुसऱ्याच दिवशी घट बसतात. असे असूनही या काळाचा अभ्यास तुकड्यातुकड्यांनी झाला आहे. श्राद्ध हा धर्मशास्त्राचा विषय, भुलाबाई हा स्त्रीगीतांचा विषय आणि नवरात्र हा देवी-उपासनेचा विषय, अशी वाटणी रूढ झाली आहे. या वाटणीमुळे हा महिना जगणाऱ्या माणसांच्या अनुभवातील सलगता अभ्यासातून निसटते. प्रस्तुत लेखात बुलडाणा जिल्ह्याच्या संदर्भात या सलगतेचा आणि तिच्या मर्यादांचा विचार केला आहे.

पितृपक्ष आणि खरीप हंगाम :

पितृपक्षाचे धर्मशास्त्रीय विवेचन विपुल आहे. भारतरत्न पां. वा. काणे यांनी 'धर्मशास्त्राचा इतिहास' या ग्रंथाच्या १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात श्राद्धाचा सविस्तर परामर्श घेतला आहे. तथापि ग्रंथांत तिथी, अधिकारी, पिंड आणि ब्राह्मणभोजन यांना जे महत्त्व आहे, ते गावच्या आचारात तितकेसे नाही. वऱ्हाडातील शेतकरी घरात 'पितर जेवू घालणे' हाच मुख्य विधी होय. पितराच्या नावाने कोणास तरी जेवावयास सांगणे, कावळ्यास घास ठेवणे आणि भावकीने एकत्र येणे एवढ्यात तो पूर्ण होतो.

या पानावर काय वाढले जाते हे पाहणे उद्बोधक ठरते. उडदाचे वडे, खीर, कढी आणि हंगामी भाज्या हे पदार्थ त्यात असतात. मूग व उडीद ही खरिपातील लवकर येणारी पिके असून ती भाद्रपदाच्या सुमारास घरात येतात. ज्वारी व कपाशी मात्र शेतात उभी असते. याच सुमारास, २२-२३ सप्टेंबरला, दिवस व रात्र समान होतात आणि पाऊस परतीच्या वाटेला लागतो. हंगामाचे यश अद्याप निश्चित नसते, परंतु पहिले धान्य हाती आलेले असते. अशा अनिश्चित वेळी ज्यांनी जमीन कसली आणि मागे ठेवली त्यांना पहिल्या धान्यातील वाटा देणे, हा या विधीचा कृषिजीवनातील अर्थ आहे. पितृपक्षाला केवळ 'अशुभ काळ' म्हणणारी दृष्टी या अर्थाकडे दुर्लक्ष करते.

भुलाबाई : त्याच पंधरवड्यातील दुसरा स्वर :

विदर्भ व खानदेशात भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भुलाबाईचा उत्सव चालतो. शंकर-पार्वतीचे रूप मानलेल्या भुलोजी व भुलाबाई यांच्या मातीच्या मूर्ती मांडून मुली सायंकाळी घरोघर गाणी म्हणतात आणि शेवटी खाऊ ओळखण्याचा खेळ होतो. पश्चिम महाराष्ट्रातील भोंडला घटस्थापनेपासून आणि हादगा सूर्याच्या हस्त नक्षत्रातील प्रवेशापासून सुरू होतो. भुलाबाईचा महिना मात्र पितृपक्षाला आपल्या पोटात घेतो. भुलाबाईची तुलना भोंडल्याशी नेहमी केली जाते, परंतु हा कालभेद सहसा लक्षात घेतला जात नाही.

हा भेद महत्त्वाचा आहे. ज्या पंधरवड्यात विवाहादी मंगलकार्ये वर्ज्य मानली जातात, त्याच पंधरवड्यात अंगणात सासर-माहेर, दोहाळे, बाळंतपण आणि बाळाचे नाव ठेवणे यांची गाणी चाललेली असतात. घरातील पुरुष गेलेल्या पिढ्यांची नावे घेतात, तर मुली येणाऱ्या पिढीचे गाणे गातात. पितरांच्या पानावर सामान्यतः पित्याच्या कुळाची नावे असतात. लग्न होऊन परक्या कुळात जाणाऱ्या मुलीला या नाममालिकेत स्थान नसते. तिचे दुःख आणि तिची थट्टा भुलाबाईच्या गाण्यांत येते. म्हणून ही गाणी श्राद्धविधीला पूरक आहेत, आणि त्यावरील अबोल टीकाही आहेत. कोजागिरीच्या रात्री ज्वारीच्या धांड्यांचा मखर करून त्याखाली भुलाबाई बसवतात, तेव्हा उभ्या पिकाशी असलेले तिचे नाते स्पष्ट होते.

वर्षाचे दोन सांधे :

अक्षय तृतीया हाही वऱ्हाडात पितरांचा दिवस आहे. त्या दिवशी पाण्याने भरलेली घागर पुजून पितरांना पान वाढतात. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळची प्रसिद्ध घटमांडणी याच दिवशी होते. शेतात खड्डा करून पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे ठेवतात, त्यांवर घागर मांडतात, भोवती धान्ये ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचे भाकीत सांगतात. या भाकिताला शास्त्रीय आधार नाही, हे नमूद केलेच पाहिजे. परंतु विधीची रचना विचारात घेण्यासारखी आहे. घट, धान्य आणि पितर हे तीन घटक वर्षातून दोनदा एकत्र येतात. वैशाखात पेरणीपूर्वी घटाभोवती कोरडे धान्य असते. आश्विनात पितरांना निरोप दिल्यावर घटाभोवतीच्या मातीत तेच धान्य अंकुरते. पहिल्या सांध्यावर प्रश्न विचारला जातो आणि दुसऱ्यावर त्याचे उत्तर समोर उभे असते.

'पेगन' तुलनेची मर्यादा :

अशा सणांना युरोपातील ख्रिस्तपूर्व, म्हणजे 'पेगन', परंपरांच्या रांगेत बसवण्याचा मोह होतो. सॅव्हन हा केल्टिक सण याचे नेहमीचे उदाहरण होय. जेम्स फ्रेझर यांच्या 'द गोल्डन बाउ' (१८९०) या ग्रंथाच्या प्रभावामुळे तो मृतांचा आदिम उत्सव मानला गेला. परंतु रोनाल्ड हटन यांनी 'स्टेशन्स ऑफ द सन' (१९९६) या ग्रंथात त्याविषयीचे पुरावे तुटपुंजे असल्याचे दाखवले. मृतांशी असलेला त्याचा संबंध बऱ्याच अंशी पुढील काळातील ख्रिस्ती सर्वात्मा दिनामुळे दृढ झाला असावा, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी यातून बोध घ्यावयास हवा. भुलाबाईस पुराव्याविना 'आर्यपूर्व' ठरवणे आणि तिला पुराणातील पार्वतीत विलीन करणे, या दोन्ही भूमिका सारख्याच घाईच्या आहेत. सण किती प्राचीन, यापेक्षा तो आज कोणाला सामावून घेतो आणि कोणाला बाहेर ठेवतो, हा प्रश्न अधिक निकडीचा आहे.

स्मरणाचा अधिकार :

शास्त्राने मृतांचीही वर्गवारी केली आहे. पतीच्या हयातीत मृत्यू आलेल्या स्त्रीसाठी अविधवा नवमी आहे. शस्त्राने मृत्यू आलेल्यांसाठी चतुर्दशी आहे. आत्मघात करणाऱ्यास मात्र याज्ञवल्क्यस्मृतीसारख्या ग्रंथांनी उदकदान नाकारले, आणि पुढे नारायणबलीसारखे उपाय सुचवले गेले. २००६ मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत बुलडाणा होता. अशा जिल्ह्यात हा नियम केवळ ग्रंथातला राहत नाही. कर्जापायी गेलेल्या माणसाला 'दोषी मृत' ठरवणारी व्यवस्था त्याच्या विधवेवरही खर्च आणि कलंक लादते. सर्वपित्री अमावास्या ही ज्यांची तिथी ज्ञात नाही त्यांनाही सामावून घेते. तिच्यातील ही उदारता येथे अधिक मोलाची ठरते.

या व्यवस्थेवर आतूनच प्रखर टीका झाली आहे. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या विधींतून शेतकरी कसा नागवला जातो हे दाखवले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीस, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली. त्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. बुलडाणा जिल्ह्यातील मोठ्या बौद्ध समाजासाठी शरदाचा हा पंधरवडा पितरांच्या निरोपानंतर येणारा देवीचा उत्सव नाही. तो मुक्तीच्या स्मरणाचा काळ आहे. ऋतू एकच, परंतु त्याचे स्मरण वेगवेगळे, हे वास्तव कोणत्याही प्रामाणिक अभ्यासात आले पाहिजे.

निष्कर्ष :

१. पितृपक्ष, भुलाबाई व घटस्थापना यांचा अभ्यास स्वतंत्रपणे न करता खरीप हंगामाच्या एका सलग कालखंडाचे घटक म्हणून होणे आवश्यक आहे.

२. भुलाबाईचा महिना पितृपक्षास व्यापतो. त्यामुळे हा पक्ष सर्वस्वी अशुभ असल्याची धारणा लोकाचाराच्या कसोटीवर टिकत नाही.

३. सोयाबीनच्या प्रसारामुळे ज्वारीचा पेरा घटला आहे. मखराचे धांडे दुर्मीळ झाले की विधीचा अर्थही क्षीण होतो. रंगमंचावरील भुलाबाई स्पर्धा गाणी जपतील, पण त्यांचे शेताशी असलेले नाते जपतीलच असे नाही.

४. पितृस्मरणातील कृतज्ञता जपण्याजोगी आहे, परंतु मृतांची प्रतवारी जपण्याजोगी नाही. ज्या पानावर आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याला आणि परक्या घरी गेलेल्या लेकीला जागा मिळत नाही, ते पान अपुरेच वाढलेले आहे.