वास्तूची रेघ आणि विणकराचा धागा

गेल्या श्रावणात आमच्या दर्पण कॉलनीतील एका स्नेह्यांकडे सत्यनारायणाच्या प्रसादास जाण्याचा योग आला. घरची कन्या वास्तुशिल्पाची पदवी घेऊन नुकतीच ग्वाल्हेरीस परतली आहे. चंदेरीच्या मागावर विणून घ्यावयाच्या पडद्यांची चित्रे तिने आम्हांस दाखविली. रेखाटन खरोखर सुरेख होते. ‘काका, विणकराला फक्त हे कागदावरून उतरवायचं आहे,’ असे ती म्हणाली. प्रसाद घेऊन आम्ही घरी आलो, पण तो ‘फक्त’ शब्द मनातून काही जाईना.

वास्तुकाराने वस्त्राच्या प्रांतात शिरावे की नाही, हा वादाचा विषयच नव्हे. व्याकरणकार ‘वस्’ हे दोन धातू मानतात. एकाचा अर्थ राहणे, दुसऱ्याचा पांघरणे. एकापासून वास्तू, दुसऱ्यापासून वस्त्र. धातू निराळे असले तरी आमच्या देवळांनी ही जोडी कधी फोडली नाही. मूर्तीवरचा चांदवा, गाभाऱ्यापुढचा पडदा, उत्सवातील पताका काढून घेतल्या तर शास्त्रोक्त बांधलेले देऊळही उघडे वाटते. १४८६ ते १५१६ या काळात राज्य केलेल्या मानसिंह तोमराचे मानमंदिर आमच्या किल्ल्यावर उभे आहे. त्याच्या भिंतीवरील निळ्या-पिवळ्या झिलईच्या फरश्यांच्या पट्ट्यांत हंस आणि केळी पाहताना दगडाला काठ लावल्याचाच भास होतो. तेव्हा प्रश्न एवढाच, की वास्तुकार मागाजवळ येतो तो कोणत्या नात्याने?

पहिले उदाहरण इंदूरचे. दुसरे यशवंतराव होळकर यांच्यासाठी जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियुस यांनी १९३० ते १९३३ च्या सुमारास माणिकबाग राजवाडा रचला. तेथील गालिचे फ्रान्समधील इव्हान दा सिल्वा ब्रून्स यांचे. ते देखणे होते यात शंका नाही. पण ज्या घराण्यातील अहल्याबाईंनी नर्मदाकाठी महेश्वरास विणकरांना आश्रय दिला, त्याच घराण्याच्या नव्या वास्तूतील विणकाम समुद्रापलीकडून आले. महेश्वरचा साडीचा माग गालिचा विणीत नाही, हे मान्य. तरी वास्तू आणि मुलखातला माग यांची येथे ओळखच झाली नाही, हे उरतेच.

दुसरे उदाहरण आम्हां वकिलांच्या जिव्हाळ्याचे. चंदीगडच्या उच्च न्यायालयाची इमारत १९५५ साली खुली झाली. तिच्या दालनांत आवाज घुमू नये म्हणून ल कॉर्ब्युझिए यांनी प्रचंड भित्तिपट योजले: प्रत्येकी ६४ चौरस मीटरचे आठ आणि मुख्य न्यायमूर्तींच्या दालनासाठी १४४ चौरस मीटरचा एक. ते काश्मीरच्या विणकरांनी विणले. कित्येक न्यायमूर्तींना ते रुचले नाहीत. आम्हांस मात्र त्यांची योजना उचित वाटते. ज्या दालनात साक्षीदाराचा शब्द नीट ऐकू येत नाही, तेथे न्याय तरी कसा व्हावा? आमचा आक्षेप निराळा आहे. ह्या पटांवरील रंगांचे मोठे चौकोन, सूर्य, ढग, वीज ही चित्रे भिंतीवर रंगविली असती तरी तशीच दिसली असती. विणकराने हात दिले. त्याच्या विणीतील ज्ञानाला चित्रात जागा मिळाली नाही. वास्तुकाराचे नाव जगभर झाले; विणकरांची ओळख ‘काश्मीरचे विणकर’ एवढीच राहिली.

तिसरे उदाहरण पुन्हा महेश्वराचे. तेथील साडीच्या काठावर वीट, चटाई, चमेली, हिरा, नर्मदेची लाट अशी नक्षी येते, आणि ती किल्ल्याच्या व देवळांच्या कोरीव कामावरून उतरली असे सांगतात. पण ती नुसती उतरली नाही. फणीत जितके धागे तितक्यातच नक्षी बसवावी लागते. दगडातली वळणदार रेघ मागावर घाटासारखी पायऱ्यापायऱ्यांनी चढते. रेशमी ताणा आणि सुती बाणा यांनी दगडाचे वजन काढून घेतले, आणि दोन्ही बाजूंनी नेसता येईल असा काठ विणकराने त्यात स्वतःच्या बुद्धीची भर घालून साधला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस हे माग मंदावले असता रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी ‘रेहवा’ संस्था काढून त्यांना पुन्हा चालना दिली. रिचर्ड हे माणिकबागेच्या यशवंतरावांचेच पुत्र. बापाच्या वास्तूत जी ओळख झाली नाही, ती मुलाने मागापाशी जाऊन करून घेतली.

आता कायद्याची बाजू. चंदेरीला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते गावाच्या नावाचे आणि तेथल्या मालाच्या खरेपणाचे रक्षण करते; नव्या नक्षीचे श्रेय कोणाचे, हे ते ठरवीत नाही. ते काम २००० च्या डिझाईन्स ॲक्टचे. त्याखाली नोंदलेल्या नक्षीला दहा वर्षे, आणि मुदत वाढविल्यास आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. परंतु मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी नक्षी तयार केली, तर तिचा मालक तो दुसरा, असे हा कायदा मानतो. म्हणजे विणकराने रेघ मोडून धाग्यात बसविली, तिचा तोल सुधारला, आणि रोजाचे पैसे घेतले, की त्याची बुद्धीही मजुरीच्या हिशेबात गेली! ‘फक्त’ ह्या शब्दाची किंमत ही अशी असते. दोघांनी मिळून अर्ज करण्यास मात्र कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी असलीच तर ती आपल्या सवयीची.

त्या मुलीस आम्ही पुढे एवढेच सुचविले, की चित्र पक्के करण्याआधी आठ दिवस मागाशेजारी बसावे, विणकर जेथे ‘हे बसणार नाही’ म्हणेल तेथे वाद न घालता कारण विचारावे, आणि करारावर दोन नावे घालावीत. तिने थोडा विचार करून विचारले, ‘आणि त्यानं माझी कमानच बदलली तर?’ बदलली तर तो पडदा दोघांचा होईल, असे आम्ही म्हटले. ती चंदेरीस जाऊन आली आहे. चित्रातील कमान अर्धी उरली आहे. पडदे अजून मागावर आहेत. ते हाती येऊन उजेडात टांगले जाईपर्यंत आम्ही आमचा निकाल राखून ठेवितो.