दीर्घ ऐतिहासिक कादंबरी : विस्ताराचे प्रयोजन

दीर्घ ऐतिहासिक कादंबऱ्या कोणत्या वाचाव्यात, असा प्रश्न अभ्यासू वाचक वारंवार विचारतो. उत्तरादाखल त्याच्या हाती बहुधा नावांची यादी पडते. परंतु विस्तार हा स्वतःच गुण नव्हे. तो कशासाठी योजिला आहे, हे पाहिल्यावाचून शिफारस करणे म्हणजे पृष्ठे मोजून ग्रंथाची योग्यता ठरविणे होय.

मराठीत विस्ताराचे दोन मार्ग परिचित आहेत. पहिला मालेचा. नाथमाधवांनी (१८८२–१९२८) स्वराज्याच्या उदयावर कादंबऱ्यांची माला गुंफिली, वि. वा. हडप यांनी ‘कादंबरीमय पेशवाई’ रचिली. इतिहासाची गोडी लावण्याचे त्यांचे कार्य मोठे आहे. तथापि अशा मालेत एक भाग दुसऱ्यास पुढे नेतो. त्याची उलटतपासणी करीत नाही. दुसरा मार्ग एकाच बृहद्ग्रंथाचा. विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’मध्ये (१९८८) विस्तार विषयातूनच उद्भवतो. १७६० च्या मार्चमध्ये दक्षिणेतून निघालेली फौज १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मोडली. मधले अंतर, यमुनेचा पूर, तुटलेली रसद आणि उपासमार ही संथपणे सांगितल्यावाचून त्या पराभवाची कारणे वाचकाच्या प्रत्ययास येणार नाहीत.

याहून वेगळा असा तिसरा प्रकार ना. सं. इनामदार यांच्या ‘झेप’ (१९६३), ‘झुंज’ (१९६६) व ‘मंत्रावेगळा’ (१९६९) या कादंबऱ्या एकत्र वाचल्यास हाती येतो. प्रत्येक कादंबरी स्वतंत्र आहे. परंतु तिन्ही उत्तर पेशवाईभोवती फिरतात आणि तिन्हींवर दुसऱ्या बाजीरावाची छाया आहे. ‘झुंज’ ही यशवंतराव होळकराची कथा. त्याचा भाऊ विठोजी यास १८०१ मध्ये पुण्यात हत्तीच्या पायी देण्यात आले. त्या दृष्टीने बाजीराव हा अपराधी ठरतो. ‘झेप’चा नायक त्रिंबकजी डेंगळे, त्याचा तोच बाजीराव धनी आहे. ‘मंत्रावेगळा’मध्ये तोच नायकपदी येतो आणि लेखकाची सहानुभूती त्याच्याकडे वळते. वाचकाने एका ग्रंथात दिलेला निर्णय दुसरा ग्रंथ पुन्हा चौकशीस घेतो. हे एका कादंबरीस, ती कितीही दीर्घ असली तरी, सहसा साधत नाही. कारण तिचा नायक एक असतो आणि न्यायही बहुधा त्याच्याच बाजूचा असतो.

भाषेच्या दृष्टीनेही विस्तारास प्रयोजन आहे. ‘सरंजाम’ हा शब्द आज साहित्यसामग्रीच्या अर्थाने योजिला जातो. पेशवाईत फौजेच्या खर्चासाठी नेमून दिलेला मुलूख व त्याचे उत्पन्न असा त्याचा अर्थ होता. लघुकथेत अशा शब्दास टीप जोडावी लागते. दीर्घ कथेत तो वसुलीच्या, वारशाच्या आणि जप्तीच्या प्रसंगांत पुनःपुन्हा भेटतो व कोशाच्या साहाय्यावाचून आपला जुना अर्थ परत मिळवितो. याउलट कारकून, शिलेदार आणि इंग्रज वकील हे सर्व जेव्हा एकाच भारदस्त मराठीत बोलू लागतात, तेव्हा पृष्ठे वाढतात, काळ मात्र जवळ येत नाही. कोणतीही दीर्घ ऐतिहासिक कादंबरी हाती घेताना ही कसोटी लावून पाहावी.

इनामदारांच्या या कादंबऱ्यांसही मर्यादा आहे. उपेक्षित व कलंकित पुरुषांस न्याय देण्याची ओढ त्यांच्यात प्रबळ आहे, आणि सहानुभूती कधी कधी वकिली होऊ शकते. ‘मंत्रावेगळा’ एकटीच वाचणारा वाचक १८०२ च्या वसईच्या तहाचे ओझे बाजीरावाच्या शिरावरून सहज उतरवील. म्हणूनच ती प्रथम वाचू नये. ‘झुंज’, मग ‘झेप’, आणि अखेर ‘मंत्रावेगळा’ हा क्रम प्रकाशनाचा नव्हे. परंतु यशवंतरावाचा मृत्यू १८११ मधला, त्रिंबकजीचे ठाण्याच्या कैदेतून पलायन १८१६ मधले आणि पेशवाईची अखेर १८१८ मधली, हे ध्यानी घेता तोच क्रम सोयीचा. या क्रमाने वाचणाऱ्यास बाजीराव निर्दोष वाटणार नाही, निव्वळ भ्याडही वाटणार नाही. राज्य बुडाले की एक अपराधी शोधून मोकळे होण्याची जी सवय इतिहासाच्या वाचकास असते, ती मोडण्यापुरता विस्तार अवश्य असावा. त्यापलीकडची पृष्ठे वाचकाने निःसंकोच उलटावीत.