सध्या वाचतोय

‘सध्या काय वाचताय?’ हा प्रश्न मराठी माणूस दोन प्रसंगी विचारतो. समोरच्याच्या हातात पुस्तक दिसलं तर, किंवा पावसापाण्याचं बोलून संपलं तर. दुसऱ्या प्रसंगी त्याला तुमच्या उत्तराची गरज नसते. स्वतः काय वाचतोय ते सांगायला त्याला दार हवं असतं, आणि ते आपण उघडायचं असतं.

खरी गंमत उत्तरात आहे. ‘वाचलं’ असं शहाणा माणूस कधी म्हणत नाही. कारण ‘वाचलं’ म्हटलं की पुढचा विचारणार, ‘शेवट कसा वाटला?’ ‘नाही वाचलं’ म्हणावं, तर चार लोकांत कमीपणा. तेव्हा या दोन्हींच्या मधोमध व्याकरणकारांनी आपल्यासाठी एक सुरक्षित जागा करून ठेवली आहे. तिचं नाव अपूर्ण वर्तमानकाळ. ‘सध्या वाचतोय!’ शाळेत या काळाचा उपयोग कळला नव्हता, आता कळतो.

आमच्या बँकेत ज्या रकमेचा धनी कळत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात. ‘वाचतोय’ हे वाचकाचं सस्पेन्स खातं. फरक इतकाच की आमचं खातं निकाली काढायला वरून पत्रं येतात. यांना कोणी विचारत नाही. आमच्या कर्ज विभागातले एक गृहस्थ नेमाड्यांची ‘हिंदू’ ती बाजारात आली तेव्हापासून, म्हणजे २०१० सालापासून ‘वाचताहेत’. दरम्यान नेमाड्यांना २०१४ सालचं ज्ञानपीठ मिळालं, गृहस्थांची मुलगी बालवाडीतून इंजिनिअरिंगला गेली, पण पुस्तकातली बसची तिकीट आहे त्या पानावर आहे. मत मात्र पहिल्या आठवड्यातच पक्कं झालं होतं : ‘पसरट आहे.’ पुस्तकाबद्दल असेल किंवा ते घरात जितकी जागा अडवतं त्याबद्दल असेल.

मी कॉमर्सचा. बी. कॉम.ला समीक्षा हा विषय नव्हता, ऑडिटिंग होतं. पण या प्रांतात तेच जास्त उपयोगी पडतं असं माझं मत आहे. ऑडिटिंगचा पहिला धडा असा की, नोंद दिसली की व्हाउचर मागावं. पुस्तकावरच्या मताचं व्हाउचर म्हणजे पान नंबर. ‘भाषा ओघवती आहे.’ कितव्या पानावर? ‘लेखक अंतर्मुख करतो.’ कुठे? ‘मध्ये जरा रेंगाळतं.’ मध्ये म्हणजे कुठल्या पानापासून कुठल्या पानापर्यंत? इतकं विचारलं की निम्मी मतं वटत नाहीत. परत जातात.

न वटणाऱ्या मतांची एक खूण सांगून ठेवतो. ती कुठल्याही पुस्तकाला लागू पडतात. ‘सकस’, ‘खिळवून ठेवणारं’, ‘वेगळ्याच जगात नेणारं’. हे रेल्वेच्या वेळापत्रकालाही चालेल. बाकी शब्दांचे अर्थ अनुभवाने कळत जातात. ‘ओघवतं’ म्हणजे भराभर पानं उलटली. ‘चिंतनशील’ म्हणजे उलटली नाहीत. ‘संग्राह्य’ म्हणजे विकत घेतलं पण वाचलं नाही, आणि ‘प्रत्येकाने वाचावं असं’ म्हणजे तुम्ही वाचा.

आता कोणी म्हणेल, मग पुस्तक संपल्याशिवाय माणसाने बोलूच नये का? मुळीच नाही! माझी तक्रार अर्धवट वाचून बोलण्याबद्दल नाही. अर्धवट वाचून पूर्ण बोलण्याबद्दल आहे. पान नंबर सांगून दिलेलं अर्धवट मत हे माझ्या मते सगळ्यात खरं मत.

शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ घ्या. १९६७ सालची ही कादंबरी सहा जण सांगतात. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी श्रीकृष्ण. ही वाचत असलेल्या माणसाशी बोलून पाहा. तो ज्याच्या प्रकरणात असेल त्याचं वकीलपत्र घेऊन बोलतो. कुंतीच्या प्रकरणात असेल तर ‘त्या बाईने तरी काय करायचं होतं हो?’ म्हणून आपल्यालाच दटावतो. दुर्योधनाच्या प्रकरणात शिरला की चार दिवस त्याला दुर्योधनाचं म्हणणं पटू लागतं. पुस्तक संपल्यावर हाच माणूस ‘कर्णावर अन्याय झाला’ एवढं एकच वाक्य बोलतो, आणि तेवढं तर पुस्तक न वाचलेलाही बोलतो. मधल्या महिन्याभरात तो सहा माणसांच्या घरी राहून आला, त्याची कुठे नोंदच नाही.

‘कोसला’चं तर विचारू नका. नेमाडे पंचवीस वर्षांचे असताना, १९६३ साली आली. पांडुरंग सांगवीकर पुण्याच्या होस्टेलवर राहतो आहे तोवर वाचणारा आपल्याला गाठून सांगतो, ‘अहो, काय धमाल आहे!’ मग एक दिवस तो येतो आणि काही बोलत नाही. ओळखावं, मनीपर्यंत पोचला. पांडुरंगाची ती धाकटी बहीण देवी येऊन जाते, तिथे भलेभले वाचक गप्प होतात. ‘धमाल’ हे मत खोटं होतं का? नाही. त्या पानावर ते खरंच होतं. किंबहुना आधी इतकं हसला नसता, तर पुढे इतका गप्प झाला नसता. पुस्तक संपवून लिहिलेल्या परीक्षणात हे येत नाही. तो ताळेबंद असतो, एकतीस मार्चचा. सगळं जुळवून, झाडूनपुसून मांडलेला. रोज काय आलं आणि काय गेलं ते पाहायचं असेल तर कीर्द उघडावी लागते. आणि वाचता वाचता बोलणारा माणूस म्हणजे पुस्तकाची कीर्द.

एके काळी महाराष्ट्रात दुसऱ्या प्रकारचं मत देण्याची सोयच नव्हती. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यातून क्रमशः दिली. यमूची कहाणी तिच्याच तोंडून. ती वाचणाऱ्यांची केवढी चैन! सगळेच ‘सध्या वाचतोय’, कारण हरिभाऊच सध्या लिहीत होते. ‘मी संपवली आहे, शेवट सांगू का?’ असं म्हणणारा छळवादी प्राणी त्या काळी जन्मालाच आलेला नव्हता. यमूचं पुढे काय होणार, याची काळजी करायला सगळ्यांना सारखाच वाव. माझा अंदाज आहे की पुस्तकावरच्या मराठी गप्पा तेव्हाइतक्या प्रामाणिक पुन्हा झाल्या नसतील.

आजही व्हाउचरसकट मत पाहायचं असेल, तर वाचनालयातलं जुनं पुस्तक आणावं. पुस्तकावर लिहिणं वाईटच. नोटेवर लिहू नये तसं पुस्तकावरही लिहू नये. पण त्या पेन्सिलवाल्यांइतका रोखठोक समीक्षक नाही. बाराव्या पानावर ‘वा!’. तिसाव्यावर ‘अगदी खरं’. सत्तेचाळिसाव्या पानावर ‘असं कधी होत नसतं’. त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात ‘तुमच्या घरी होत नसेल’. त्याखाली तिसऱ्या हस्ताक्षरात ‘खासगी बोलू नये’. एकसष्टाव्या पानावर ‘पुढे कंटाळा’. आणि मग पुढची दोनशे पानं कोऱ्या नोटांच्या पुडक्यासारखी स्वच्छ. कोणी कुठवर सोबत केली, सगळा हिशेब डोळ्यांसमोर. यातला एकच प्रकार फौजदारीत बसवण्यासारखा. रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर ‘खून भाच्याने केला’ असं लिहून ठेवणारा.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखंच आहे. पण उसन्या मताने नुकसान होतं, तेही सांगतो. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ सालचं. आमच्या शाखेत एकदा जेवणाच्या सुट्टीत ते टेबलावर पडलं होतं आणि डबे उघडता उघडता त्यावर मतं पडायला लागली. ‘भाषा फार रांगडी,’ हेडकॅशियर म्हणाले. ‘तेव्हा अशा पुस्तकांची लाटच होती,’ दुसरे म्हणाले. ‘आता पूर्वीसारखं राहिलं नाही,’ तिसऱ्यांनी निकाल दिला. पुस्तकाला मात्र कोणी हात लावला नाही. लोणच्याचा लागला असता म्हणून असेल. पुस्तक आमच्या शिपाईमामांचं होतं, वाचनालयातून आणलेलं. कोणीतरी सहज विचारलं, ‘काय मामा, कसंय?’

‘अजून पस्तिसाव्या पानावर आहे साहेब. रोज दोन-तीनच पानं होतात.’

‘का हो? भाषा जड जाते?’

‘जड कशाची? घरातलीच आहे. येसकराच्या पाळीचं आलंय त्यात. माझ्या आज्यानं काढलीय ती पाळी. वाचलं की मिटून ठेवावं लागतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडतो.’

टेबलावर जरा वेळ कोणी बोललं नाही. तीन मतं एका पान नंबरापुढे खलास झाली होती. मामा चौथं मत देत नव्हते, कुठवर आलोय एवढंच सांगत होते. आमचे हेडकॅशियर माणूस खडूस, पण हिशेबाला पक्का. त्यांनी हात धुतले, पुसले आणि विचारलं, ‘परत कधी करायचंय मामा?’

‘सोमवारी.’

‘मुदत वाढवून घ्या. सावकाश वाचा. झालं की मला द्या.’

ती तीन मतं ऐकून नवीन लागलेली आमची एक मुलगी ते पुस्तक कधी उघडणार नव्हती. पस्तिसावं पान ऐकल्यावर तिने तिथेच ते हातात घेऊन दोन पानं वाचली. मत म्हणजे काय, दुसऱ्यासाठी दार उघडणं किंवा लावून घेणं. पुढे काय आहे ते माहीत नसलेला वाचक ‘चला, बघू या’ म्हणतो. न वाचलेला म्हणतो, ‘काही नाही हो तिकडे.’

तेव्हा यापुढे ‘सध्या काय वाचताय?’ असं विचारू नका. ‘कितव्या पानावर आहात?’ असं विचारा. उत्तर आलं तर खुर्ची ओढून बसा, चहा सांगा. नाही आलं, तर पावसापाण्याचं बोला. त्या विषयावरचं मत सगळ्यांचं स्वतःचं असतं.