चित्रकथी : चित्र आणि निवेदन

महाराष्ट्रातील लोकचित्रकलेचा विचार करताना चित्रकथी परंपरेतील चित्रांना बहुधा लघुचित्रांच्या पंगतीत बसविले जाते, आणि तेही शेवटच्या पानावर. रेषा ठसठशीत पण रांगडी, अवकाशाची जाण तोकडी, पार्श्वभूमी रिकामी, असा अभिप्राय त्यांच्याविषयी व्यक्त होतो. तो कितपत ग्राह्य आहे हे ठरवावयाचे, तर ही चित्रे कोणत्या प्रयोजनाने निर्माण झाली हे आधी पाहिले पाहिजे.

चित्रे दाखवून कथा सांगण्याची प्रथा प्राचीन आहे. बाराव्या शतकातील चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख येतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने ही प्रथा जतन केली आहे. एका आख्यानाच्या सुट्या चित्रांच्या संचाला तेथे ‘पोथी’ म्हणतात. ही संज्ञा सूचक आहे. पोथी भिंतीवर टांगावयाची नसते, ती लावावयाची असते. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविलेली असतात. वीणा, हुडुक व टाळ यांच्या साथीने कथेकरी प्रसंग गातो, त्याचे विवरण करतो आणि प्रसंग संपताच पुढचे चित्र समोर आणतो.

हे ध्यानात घेतले म्हणजे ज्यांना दोष म्हटले गेले ते विशेष निराळे दिसू लागतात. अरण्य, रात्र, सागर यांचे वर्णन गायकाच्या मुखी असते. पार्श्वभूमी रिकामी राहते ती त्यामुळे. एका बाजूस एक पक्ष, दुसऱ्या बाजूस दुसरा, अशी समोरासमोर मांडणी वारंवार येते, कारण चित्र संवादाला आधार देते. एका बाजूने दाखविलेला चेहरा आणि त्यातील मोठा डोळा समईच्या उजेडात, काही हात अंतरावरून ओळखू यावा लागतो. महिरावणाच्या आख्यानात काय किंवा बभ्रुवाहनाच्या आख्यानात काय, पात्राच्या मनातील खळबळ चेहऱ्यावर शोधू जाता हाती फारसे लागत नाही. ती स्वरात असते.

अन्य प्रांतांशी तुलना केली असता हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. राजस्थानातील पाबूजीचा पड हा एकच विस्तीर्ण पट असतो. त्यावर सारे आख्यान एकदम उलगडलेले असते आणि भोपा त्यातील हवे ते स्थळ दाखवितो. बंगालचा पटुआ गात गात पट उलगडतो. तेथे एक चौकट सरकत दुसरी येते. चित्रकथीत मात्र एक चित्र संपूर्णपणे दूर होते, तेव्हाच दुसरे दिसते. दोन चित्रांमधील हा खंड केवळ निवेदनाने भरून निघतो. म्हणून तिन्ही परंपरांत चित्र व शब्द यांचे नाते असले, तरी शब्दावरील अवलंबन चित्रकथीत सर्वाधिक आहे.

समीक्षेच्या वाटेत नामकरणानेही अडथळा आणला. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील संग्रहामुळे ही चित्रे अभ्यासकांच्या नजरेत भरली, आणि ‘पैठणची चित्रे’ हे नाव रूढ झाले. ते प्राप्तिस्थानावरून पडलेले नाव होय. त्यामुळे स्थळाची व शैलीची चर्चा पुष्कळ झाली. चित्र हाती धरणारा कथेकरी मात्र दृष्टीआड राहिला.

या विवेचनाचा अर्थ असा नव्हे, की चित्रांना स्वतंत्र मूल्य नाही. सपाट रंगांचा समतोल आणि जोरकस बाह्यरेषा यांचे सामर्थ्य कथा ठाऊक नसलेल्या प्रेक्षकालाही जाणवते. परंतु तेवढ्यावरून केलेले मूल्यमापन नाटकाची संहिता वाचून प्रयोगाविषयी मत देण्यासारखे आहे.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. २०२१ साली पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली आणि या कलेकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. चित्र चौकटीत बसविता येते, विकता येते, संग्रहात ठेवता येते. आख्यान कंठस्थ असणाऱ्याकडूनच शिकावे लागते. केवळ चित्राला दाद देणारी समीक्षा जे आपोआप टिकणार आहे त्याचेच रक्षण करते. यापुढील अभ्यासात प्रत्येक पोथीसोबत तिच्या निवेदनाचे ध्वनिमुद्रण व संहितालेखन होणे अगत्याचे आहे. तसे न झाल्यास संग्रहालयांत चित्रे उरतील आणि चित्रकथी ही संज्ञा अर्धीच सार्थ राहील.