द्वोर्झाकची ‘बायबलमधील गाणी’ : दुसऱ्या पंथाच्या ग्रंथातली आपली भाषा

आमच्या उर्दूत एखाद्याचा गळा गोड असला की त्याला ‘लहने दाऊदी’ लाभलाय असे म्हणतात. हजरत दाऊद (अलै.) यांना जबूर दिला गेला आणि त्यांच्याबरोबर पर्वत व पक्षीही तस्बीह करीत, असे कुरआनात आले आहे. मराठी बायबलमधील ‘स्तोत्रसंहिता’ परंपरेने याच दाऊदच्या नावाशी जोडलेली आहे. त्यामुळे अंतोनिन द्वोर्झाक या चेक संगीतकाराची ‘बायबलमधील गाणी’ ही दहा स्तोत्रगीतांची मालिका ऐकायला घेतली तेव्हा आशय मला अगदीच परका वाटला नाही. भाषा मात्र परकी होती. स्तोत्रांचे भाषांतर शेजारी ठेवून मी ती पुन्हा पुन्हा ऐकली.

ही गाणी 5 ते 26 मार्च 1894 या तीन आठवड्यांत न्यूयॉर्कमध्ये लिहिली गेली. बोहेमियातल्या एका खेड्यातल्या खाटकाचा हा मुलगा 1892 पासून तिथल्या राष्ट्रीय संगीत विद्यालयाचा संचालक होता. डिसेंबर 1893 मध्ये कार्नेगी हॉलमध्ये त्याची ‘नव्या जगातून’ ही सिंफनी गाजली होती. तीन महिन्यांनी त्याने एवढा मोठा वाद्यवृंद बाजूला ठेवला आणि एक गळा व एक पियानो एवढ्यावर भागवले.

ही गाणी म्हणजे वडिलांच्या मृत्यूचा शोक, असे कुणी सांगितले तर चटकन पटते. पण वडील वारले 28 मार्चला, म्हणजे शेवटचे गाणे पुरे झाल्यावर दोन दिवसांनी. चायकोव्हस्की नोव्हेंबर 1893 मध्ये आणि ब्यूलो फेब्रुवारी 1894 मध्ये गेला होता, त्याची सावली पडली असेल. तरीही कलाकृतीचे कुलूप चरित्राच्या किल्लीने उघडण्याची घाई आपण समीक्षेत फार करतो. इथे ती किल्ली लागत नाही.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती मजकुराची निवड. द्वोर्झाक श्रद्धाळू कॅथलिक होता. त्याने शब्द घेतले ते मात्र क्रालित्से बायबलमधून. हे भाषांतर 1579 पासून ‘बंधुसंघ’ या प्रोटेस्टंट पंथाच्या विद्वानांनी सहा भागांत छापले. 1620 मधल्या पांढऱ्या डोंगराच्या लढाईनंतर त्या पंथाचे लोक देशोधडीला लागले आणि त्यांच्या ग्रंथांवर बंदी आली. पण त्या बायबलची चेक भाषा इतकी कसदार होती की पुढे तीच प्रमाण मानली गेली. परदेशात, इंग्रजीच्या गराड्यात बसलेल्या कॅथलिक माणसाला देवाशी बोलायचे होते, तेव्हा त्याने आपल्या चर्चने पाखंडी ठरवलेल्यांची भाषा निवडली, कारण ती त्याची भाषा होती.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते आणि मराठीत लिहिते. एका बाजूने ‘मराठी आपली कुठे?’ असे विचारले जाते. दुसऱ्या बाजूने ‘तुमचं मराठी चांगलं आहे हं!’ अशी शाबासकी मिळते, आणि ती अधिक बोचते. या गाण्यांपुढे दोन्ही बोलणी मला खुजी वाटली.

आता संगीताकडे. पहिल्या गाण्यात ढग आणि काळोख यांनी वेढलेला देव आहे. तिथे चाल गाण्यापेक्षा पठणाच्या जवळची आहे. चौथे गाणे मेंढपाळाच्या प्रसिद्ध तेविसाव्या स्तोत्राचे. त्यात पियानो मोजकेच बोलतो आणि गळा थोड्याच सुरांत फिरतो. कौशल्य दाखवण्याची संधी होती, ती त्याने घेतली नाही. म्हणूनच ते मालिकेतले सर्वांत खरे गाणे वाटते.

त्याने काय गाळले तेही पाहण्यासारखे आहे. तेविसावे स्तोत्र तो चौथ्या वचनावर सोडतो, पुढच्या वचनात शत्रू येतात. तिसऱ्या गाण्यात कबुतराच्या पंखांनी दूर उडून जाण्याची इच्छा आहे. मूळ स्तोत्रात त्यापुढे शाप सुरू होतो, गाणे तिथे पोचतच नाही. सातव्या गाण्यात बाबेलच्या नद्यांकाठी रडणारे निर्वासित आहेत. मूळ स्तोत्राचा शेवट सुडाच्या भयंकर वचनाने होतो. द्वोर्झाक त्याच्या पुष्कळ आधी, गावाची आठवण विसरणार नाही या शपथेपाशी थांबतो. पहिल्या गाण्यात शत्रूंना जाळणारा अग्नी आहे, तेव्हा त्याने राग सगळा पुसला असे म्हणता येणार नाही. पण परागंदा माणसाचे दुःख त्याने सुडापासून वेगळे काढले. दुखावलेल्या समाजात वाढलेल्या वाचकाला हे किती अवघड आहे ते ठाऊक असते.

एक तक्रार आहे. आठव्या गाण्यातला एकटेपणा अजून मनात असताना, नवव्याच्या छोट्या विसाव्यानंतर दहावे एकदम लोकनृत्याच्या ठेक्यावर येते. मालिका आनंदात संपवायचीच, असा हट्ट त्यात जाणवतो. मात्र त्या गाण्यात नद्या, डोंगर, झाडे सगळी गाऊ लागतात, तेव्हा दाऊदबरोबर तस्बीह करणारे पर्वत मला आठवले आणि तक्रार थोडी सैल झाली.

पुढे द्वोर्झाकने पहिली पाच गाणी वाद्यवृंदासाठी बांधली. 4 जानेवारी 1896 रोजी प्राग येथे चेक फिलहार्मोनिकच्या पहिल्या मैफिलीत ती त्याच्याच संचालनाखाली झाली. ते रूप भव्य आहे. पण वाचकांनी सुरुवात पियानोच्या रूपापासून करावी, आणि त्यातही चौथ्या गाण्यापासून. एकट्या माणसाची दुआ एकाच वाद्याच्या सोबतीने ऐकलेली बरी.