नव्या बाईंचं सादरीकरण आणि आमच्या टाळ्या

या व्याख्यानमालेत आजवर पुस्तकांवर, नाटकांवर, एकदा तर रांगोळीवरही समीक्षा झाली. आज आम्ही समीक्षेला घेतलंय ते एक पंचवीस मिनिटांचं सादरीकरण आहे. ते कुठे छापलेलं नाही आणि पुन्हा होणारही नाही. एका केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत ते झालं. हे टिपण आम्ही दोघांनी मिळून लिहिलं आहे, बोलतोय मात्र एकच, त्यामुळे चुकलं तर कुणाला धरायचं ते तुम्ही ठरवा. (हशा)

आधी शिक्षण परिषद म्हणजे काय, ते सभागृहात जे शिक्षक नाहीत त्यांच्यासाठी. दहा-बारा जिल्हा परिषद शाळांचं मिळून एक केंद्र असतं, त्याला केंद्रप्रमुख असतात. सगळे शिक्षक महिन्यातून एकदा कुठल्यातरी शाळेत जमतात. सूचना वाचून होतात, माहितीचे तक्ते भरून घेतले जातात, आणि दोन-तीन शिक्षक आपापल्या वर्गातला काहीतरी उपक्रम मांडतात. मग पोहे. उपक्रम मांडायची पाळी बहुतेक नव्यांवर येते. जुने म्हणतात, आम्ही पुष्कळ मांडलं, आता तरुणांना संधी.

त्या दिवशी मांडणाऱ्या बाई शिक्षणसेवक होत्या, नोकरीचं दुसरं वर्ष. शिक्षणसेवक म्हणजे तीन वर्षं मानधनावर. प्राथमिकला २०२३ पर्यंत महिना सहा हजार होतं, आता सोळा हजार आहे. तीन वर्षं नीट गेली की कायम. हे आम्ही दया म्हणून सांगत नाही. सादरीकरण असं का झालं ते समजायला हे लागणार आहे, एवढ्यासाठी सांगतोय.

सादरीकरणाचं नाव ‘माझ्या वर्गातील तंत्रस्नेही साधने’. सव्वीस स्लाइड्स. त्यात प्लिकर्स, कहूत, गुगल फॉर्म, पॅडलेट, कॅनव्हा, जिओजेब्रा, दीक्षा आणि आणखी सात. चौदा साधनं, पंचवीस मिनिटं. एका साधनाला दोन मिनिटंही नाहीत. प्रत्येकाचा लोगो, तीन फायदे, एक हसणाऱ्या मुलांचा फोटो. आवाज स्वच्छ, तयारी पक्की. एकही साधन अडकलं नाही, कारण एकही प्रत्यक्ष चालवलं नव्हतं. मागच्या बाकांवरून मोबाइल वर झाले, स्लाइड्सचे फोटो निघाले, कुणीतरी म्हणालं, “मॅडम, पीडीएफ ग्रुपवर टाका.” टाळ्या झाल्या. आम्हीही वाजवल्या, आणि मनापासून वाजवल्या, हे नोंदवून ठेवतो.

मग चहाच्या वेळी आम्ही सहज विचारलं, “बाई, यातलं रोज काय वापरता?”

त्या जरा थांबल्या. म्हणाल्या, “खरं सांगू का सर, फक्त प्लिकर्स.”

प्लिकर्स साधं आहे. मुलांकडे काहीच लागत नाही, ना फोन, ना टॅब. प्रत्येक मुलाला कागदावर छापलेलं एक चौकोनी काळं-पांढरं चित्र मिळतं. प्रत्येकाचं चित्र वेगळं, त्याला नंबर. चित्राच्या चार बाजू म्हणजे ए, बी, सी, डी. बाई फळ्यावर प्रश्न लिहितात, मुलं आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड धरतात, बाई फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि कुणी काय उत्तर दिलं ते फोनवर उमटतं. अक्षरं इतकी बारीक छापलेली असतात की शेजारच्याचं बघून धरता येत नाही. एका फोनवर सगळा वर्ग बोलतो. हात वर न करणारी मुलगीसुद्धा बोलते. ज्या शाळेत संगणक कपाटात आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या घरी, तिथे याहून शहाणं साधन आम्हाला तरी माहीत नाही.

बाईंनी फोन काढून एक आलेख दाखवला. पाचवीचा वर्ग, एकतीस मुलं. प्रश्न: ०.५ आणि ०.३५ यांत मोठी संख्या कोणती? ०.५ म्हणणारी नऊ. ०.३५ म्हणणारी वीस. दोन्ही सारख्या म्हणणारी दोन.

आम्ही विचारलं, “हे स्लाइडवर का नव्हतं?” त्या म्हणाल्या, “रिझल्ट चांगला नव्हता ना सर.”

स्लाइडवर जो आलेख होता तो अख्खा हिरवा होता. त्याचा प्रश्न होता महाराष्ट्राच्या राजधानीचा.

आमची सगळी समीक्षा या दोन आलेखांमधली आहे. हिरव्या आलेखाने बाईंना काहीच सांगितलं नाही. जे सगळ्या वर्गाला येतं ते येतं, एवढंच कळलं. दुसऱ्या आलेखाने सांगितलं की वर्गातली वीस मुलं दशांश चिन्हाच्या उजवीकडे पूर्ण संख्या वाचताहेत. पस्तीस पाचापेक्षा मोठे, म्हणून ०.३५ मोठी. हे त्या मुलांचं डोकं कमी म्हणून होत नाही, जगभर होतं. आणि आपण मोठी माणसं त्याला मदत करतो. “शून्य पॉइंट पस्तीस” असंच म्हणतो की नाही आपण? “शून्य पॉइंट तीन पाच” म्हणणारा शिक्षक दाखवा, आम्ही त्याला पुढच्या वेळी इथे बोलवू.

बरं, नऊ बरोबर आली, ती तरी सगळी बरोबर होती का? काही मुलं उलटी चूक करतात: जितके अंक जास्त तितका तुकडा बारीक, म्हणून लांब दिसणारी संख्या लहान. अशा मुलाला ०.५ बरोबर येतं, पण कारण चुकीचं असतं. त्याला ०.३ आणि ०.४७ विचारा, तो ०.३ मोठी म्हणेल. म्हणजे एक प्रश्न पुरत नाही, जोडीचा प्रश्न लागतो. हे कुठलंही ॲप सुचवत नाही. ॲप मोजतं, काय मोजायचं ते बाईंना ठरवावं लागतं. आमच्या मते त्या परिषदेत चर्चा व्हायला हवी होती ती याची.

पुढे काय झालं तेही बाईंनी सांगितलं. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की अशा वेळी उत्तर सांगायचं नाही, मुलांना शेजाऱ्याशी बोलू द्यायचं आणि पुन्हा कार्डं वर करायला सांगायची. ही पद्धत हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांची. १९९१ पासून ते ती वापरत आले. त्यांनीही सुरुवातीला कार्डंच वर करायला लावली होती, बटणाची यंत्रं नंतर आली. त्यांचा एक व्यवहारी आडाखा आहे: साधारण तीस ते सत्तर टक्के उत्तरं बरोबर असतील तर आपसात बोलणं फळतं. फारच कमी बरोबर असतील तर मुद्दा पुन्हा शिकवावा लागतो. बाईंचे नऊ म्हणजे एकोणतीस टक्के, अगदी काठावर.

बोलणं झालं, पुन्हा कार्डं वर झाली. नऊचे आठ झाले. एक बरोबर मूल वीस जणांच्या बाजूला जाऊन बसलं. (हशा) हसू नका, आपल्या ग्रामसभेत याहून वेगळं काय होतं?

मग बाईंनी पैसे काढले. पन्नास पैसे मोठे की पस्तीस पैसे? पुस्तकात हेच उदाहरण असतं. चाललं नाही. चालणार कसं? पंचवीस पैशांपर्यंतची नाणी २०११ मध्ये चलनातून गेली, तेव्हा ही मुलं जन्मलीही नव्हती. पन्नास पैसे कायद्याने चालतात, पण दुकानदार घेत नाही. पाचवीच्या मुलासाठी पैसा ही ऐतिहासिक वस्तू आहे.

मागून एक मुलगी म्हणाली, “बाई, आमच्या काट्यावर अर्धा किलो शून्य पॉइंट पाचशे येतं.” तिच्या घरी किराणा दुकान. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर अर्धा किलो ०.५०० दिसतं, साडेतीनशे ग्रॅम ०.३५० दिसतं. दुसऱ्या दिवशी काटा वर्गात आला, वडिलांनी दोन तासांसाठी दिला. तांदूळ, मीठ, एक वही, कुणाचीतरी चप्पल, सगळं तोललं. तिसऱ्यांदा कार्डं वर झाली तेव्हा सव्वीस बरोबर.

हे चहाच्या कपाबरोबर, उभ्या उभ्या, सात मिनिटांत सांगून झालं. सभागृहात पंचवीस मिनिटं होती.

इथे आमच्या दोघांत मतभेद आहे, तोही सांगून टाकतो. एकाचं म्हणणं, सव्वीस हा आकडाही फसवा आहे. काटा उजवीकडे शून्यं भरून देतो, मग मूल पाचशे आणि साडेतीनशे अशी पूर्ण संख्यांचीच तुलना करतं. दशांश स्थान म्हणजे काय हे त्याला कळलं, असं त्यावरून म्हणता येत नाही. शंभर घरांचा चौकट कागद घ्यावा, ०.५ साठी पाच उभे रकाने रंगवावेत, ०.३५ साठी पस्तीस घरं, तेव्हा काही दिसेल. दुसऱ्याचं म्हणणं, मान्य, पण आधी काट्याने मुलांना शंका तर आली. चौकट कागदाला अर्थ त्या शंकेनंतर येतो. हा वाद आमचा अजून मिटलेला नाही. असा वाद आमच्या केंद्रात त्या दिवशी व्हायला हवा होता, आणि तो त्या बाईंच्या प्रश्नाने झाला असता.

आता कुणी म्हणेल, चौदा साधनांची नुसती ओळख करून दिली तर बिघडलं काय? ज्याला हवं ते तो घेईल. यात तथ्य आहे. आमच्याच पिढीतल्या एका गुरुजींनी त्या स्लाइडचा फोटो पाहून पुढच्या आठवड्यात कार्डं छापली. पण ती त्यांनी लॅमिनेट केली. चकचकीत प्लॅस्टिकवर खिडकीचा उजेड पडतो, कॅमेरा वाचत नाही. मुलं कार्ड धरताना बोट चित्रावर ठेवतात, तरी वाचत नाही. गुरुजींनी दोन दिवसांत नाद सोडला. बाईंना हे दोन्ही माहीत होतं, त्यांनी स्वतः एक संच वाया घालवला होता. तीन फायद्यांच्या स्लाइडवर वाया गेलेल्या संचाला जागा नव्हती. आणखी एक गोष्ट त्यांनी केली होती, जी आम्हाला फार आवडली: ॲपमध्ये मुलांची नावं न घालता नुसते हजेरी क्रमांक घातले होते. २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. कायदा माहीत नसतानाही बाईंना ते बरोबर वाटलं होतं. तेही स्लाइडवर नव्हतं.

साधनापासून सुरुवात करायची ही सवय त्या बाईंची नाही, आपल्या खात्याची जुनी आहे. पुण्यात १९८४ साली बालचित्रवाणी सुरू झाली, दूरदर्शनवर तिचे कार्यक्रम लागायचे, त्यातले काही फार सुंदर होते. गावोगावी टीव्ही संच पोचले. तो लावून झाल्यावर वर्गात काय विचारायचं, हे शिक्षकाशी कुणी फारसं बोललं नाही. २०१७ मध्ये ती संस्था बंद झाली आणि त्याच वर्षी दीक्षा आलं. आता पुस्तकात क्यूआर कोड आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हापासून प्रत्येक परिषदेत एक तरी क्यूआर कोडची स्लाइड असते. पण त्यांच्या कामातला आधीचा भाग कुणी सांगत नाही. मुलांची घरची भाषा कन्नड, पुस्तकं वेगळ्या भाषेत. त्यांनी कन्नड शिकून पुस्तकांचा अनुवाद केला. आधी मुलांची अडचण नेमकी दिसली, मग कोड. आम्ही कोड उचलला.

राहिला प्रश्न, बाईंनी लाल आलेख का लपवला. उत्तर समोरच्या खुर्च्यांवर होतं. पहिल्या रांगेत ज्यांच्या अहवालावर कायम होणं अवलंबून असतं ते साहेब, मागच्या रांगांत आम्ही. वर्गात वीस मुलांना आलं नाही असं मानधनावरच्या बाईंनी म्हटलं असतं, तर त्यांना “का आलं नाही?” असं कुतूहलाने विचारणारा त्या खोलीत कोण होता? आम्ही आठवून पाहिलं. चहाच्या आधी तरी आम्हीही नव्हतो. जुन्या शिक्षकांपैकी एकानेही, यात आम्ही दोघे आलो, आपला फसलेला तास त्या परिषदेत कधी मांडलेला नाही. मग नव्यांनी कुठून शिकावं?

आणि त्या टाळ्यांचं बक्षीस काय मिळालं, तेही ऐका. पोहे संपायच्या आत तीन शाळांच्या मुख्याध्यापकांनी बाईंना गाठलं. “मॅडम, तुम्हाला कॉम्प्युटरचं छान येतं, आमचं यू-डायसचं तेवढं भरून द्या ना.” त्या महिन्यात बाईंनी स्वतःच्या शाळेसह चार शाळांची ऑनलाइन माहिती भरली. संध्याकाळी, स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटावर. जोडीचा प्रश्न, ०.३ आणि ०.४७ चा, त्यांनी काढून ठेवला होता. तो विचारायचा राहून गेला.

पुढच्या परिषदेत पहिली पंधरा मिनिटं आम्ही मागून घेतली आहेत. १९९८ साली आमच्यापैकी एकाने चौथीला भागाकार शिकवला आणि वर्गातल्या कुणालाच आला नाही, तो तास आम्ही मांडणार आहोत. वही अजून आहे, मुलांच्या चुकांसकट. त्यानंतर बाईंना बोलायचं असेल तर त्या बोलतील. आम्ही विचारलंय, त्यांनी अजून होय म्हटलेलं नाही. तोवर यू-डायसचं आमच्या शाळेचं काम आम्ही स्वतः शिकतोय. पासवर्ड दोनदा लॉक झाला. (हशा)

वेळ झाली. आता प्रश्न घेऊया. मागे त्या ताईंचा हात मघापासून वर आहे.