अर्ज कोणाच्या सोयीचा?

गंगापूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर मोबाइलवर शिष्यवृत्तीचा अर्ज उघडताना पडदा बराच वेळ कोरा राहिला, की आपण ‘रेंज नाही’ म्हणून मोकळे होतो. दर वेळी दोष रेंजचाच नसतो. पानाचे वजनही तपासायला हवे. ते पुष्कळदा बनवणाऱ्याने निवडलेल्या साधनांमुळे वाढलेले असते.

अशा साधनांपैकी फ्रेमवर्क म्हणजे संकेतस्थळ उभारण्याचा तयार सांगाडा. नोंदणी, परवलीचा शब्द, माहितीची साठवण ही कामे दर वेळी नव्याने लिहावी लागू नयेत, म्हणून तो वापरतात. २००५ साली खुले झालेले जँगो हे फ्रेमवर्क अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स शहरातल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मले. बातमीच्या घाईत पाने झटपट उभी करणे ही तिथली गरज होती. यात पान सर्व्हरवर तयार होते. मोबाइलकडे तयार मजकूर येतो. फेसबुकने २०१३ साली खुल्या केलेल्या रिअ‍ॅक्टची नेहमीची रीत निराळी आहे. आधी जावास्क्रिप्टमधला प्रोग्रॅम येतो, तो मोबाइलवर चालतो आणि मग पान दिसते. गप्पा किंवा नकाशा अशा सतत बदलणाऱ्या पडद्यासाठी ही रीत उत्तम. दहा रकान्यांच्या अर्जाला ती कशाला?

हिशेब करून पाहू. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला, आणि काना-मात्रेला वेगळे, ३ बाइट लागतात. तरीही हा संपूर्ण लेख सुमारे ६ किलोबाइटमध्ये मावतो. सेकंदाला १ मेगाबिट वेग मिळाला, तर तो सेकंदाच्या विसाव्या भागात पोचेल. २ मेगाबाइटचा प्रोग्रॅम म्हणजे १६ मेगाबिट. त्याला १६ सेकंद हवेत. मध्येच जोडणी तुटली, तर पहिल्या रीतीत आलेला मजकूर तरी वाचता येतो. दुसरीत पडदा कोराच.

आमचा आक्षेप फ्रेमवर्कवर नाही. संकेतस्थळे बनवताना आम्हीही ती वापरतो. अर्जातून घुसवलेल्या घातक आज्ञा निष्प्रभ करण्याची जँगोतली सोय ज्याने त्याने स्वतः लिहायची म्हटली, तर चुकाच अधिक होतील. रिअ‍ॅक्ट वापरूनही सर्व्हरवर पान तयार करता येते. आक्षेप आहे तो निवडीच्या कसोटीवर. काम किती लवकर उरकले, यावरून साधनाची वाखाणणी होते. पण वाचलेला वेळ बनवणाऱ्याचा असतो. खर्ची पडणारा वेळ, डेटा आणि बॅटरी अर्ज भरणाऱ्याची. कचेरीतल्या वेगवान जोडणीवर हा खर्च दिसतच नाही.

शिक्षकांना तो वर्गात दाखवता येईल. संगणकावर ब्राउझर उघडून एफ-१२ ही कळ दाबा, ‘नेटवर्क’ विभागात जा आणि पान पुन्हा मागवा. प्रत्येक फाइलचा आकार आणि लागलेला वेळ समोर येईल. क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये तिथेच मंद जोडणी निवडून तेच पान पुन्हा पाहा. मुलांना दोन-तीन पानांचा तक्ता वहीत करू द्या : शब्द किती, बाइट किती, सेकंद किती. लासूर स्टेशनच्या एखाद्या वर्गाने केलेला असा तक्ता संकेतस्थळाच्या चालकांकडे गेला, तर नुसत्या तक्रारीपेक्षा तो अधिक उपयोगी पडेल.